नाव ठेवणाऱ्याचं नाव

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत मराठीत एका अनुस्वाराचं अंतर आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून त्याचं नाव ठेवते. पंचवीस वर्षांनी तेच बाळ आपल्या पसंतीची मुलगी लग्न करून घरात आणतं, तेव्हा तिला नावं ठेवण्यातही आत्याच पुढे असते. दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याला नाव मिळतं त्याला कुणी विचारत नाही, आणि अधिकार आत्याकडे असतो.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे चार शेजारी एकमेकांना काय म्हणतात हे पाहताना मला ही आत्या आठवते.

आयरिश माणूस असला की पॅडी, नाहीतर मिक. स्कॉटिश असला की जॉक. वेल्श असला की टॅफी किंवा नुसतं टॅफ. तिन्ही मुळात घरगुती नावं आहेत. पॅडी म्हणजे पॅट्रिक, आणि संत पॅट्रिकच्या देशात पॅट्रिकना तोटा नाही. मिक म्हणजे मायकल. जॉक हे जॉनचं, जॅकचं स्कॉटिश रूप. टॅफी बहुधा डेव्हिडच्या वेल्श रूपावरून आलं, इंग्रज कानाला जसं ऐकू आलं तसं. काहीजण कार्डिफमधून वाहणाऱ्या टॅफ नदीकडे बोट दाखवतात. थोडक्यात, आपल्याकडे एखाद्या गावच्या सगळ्याच माणसांना सरसकट 'पांडू' म्हणावं, तसला प्रकार.

मग इंग्रजाला काय म्हणायचं? इथे गाडी अडते. चार घरांपैकी तीन घरांतल्या माणसांना हाक मारायचं तयार नाव आहे, चौथ्याला नाही. स्कॉटिश गेलिकमधून आलेला 'सॅसेनाक' हा शब्द आहे, वेल्शमध्ये 'साइस' आहे (घोड्याच्या सईसाशी याचा काही संबंध नाही), पण दोन्हींचा अर्थ नुसता 'सॅक्सन'. ते जमातीचं नाव झालं. त्यात एखाद्या घरातला पॅट्रिक किंवा डेव्हिड नाही. आणि हे शब्द मुख्यतः आपल्या भाषेत, आपापसात, इंग्रजाच्या पाठीमागे बोलायचे. कारखान्यात पलीकडच्या यंत्रावरच्या माणसाला 'ए पॅडी' अशी हाक मारता येते. 'ए सॅक्सन' अशी कुणी मारत नाही.

जॉन बुलचं काय, असं कुणी विचारील. युनियन जॅकचं जाकीट घातलेला, गरगरीत पोटाचा तो जमीनदार व्यंगचित्रांतून आपल्याही ओळखीचा आहे. पण तो चित्रात राहतो. पबमध्ये शेजारच्याला कुणी जॉन बुल म्हणत नाही. आणि त्याला जन्म दिला तो १७१२ साली, जॉन आर्बथनॉट या अॅन राणीच्या वैद्याने, आपल्या राजकीय टीकालेखांतून. हा आर्बथनॉट स्कॉटिश होता. इंग्लंडला जे एकुलतं एक नाव मिळालं तेसुद्धा शेजाऱ्यानेच ठेवलेलं.

हे असं का, याचं उत्तर टोपणनाव कुठे तयार होतं यात आहे. ते घरी तयार होत नाही. डब्लिनच्या बाजारात तुम्ही 'पॅडी' अशी हाक मारलीत, तर ज्याचं नाव खरोखर पॅट्रिक आहे तोच मागे वळेल. बाकीचे मायकल, शॉन आणि डेक्लन आपल्या भाजीकडे पाहत राहतील. तोच डेक्लन बोटीने समुद्र ओलांडून लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरला की पॅडी होतो. इंग्रजीतला टोपणनावाला असलेला शब्द मुळात 'आणखी एक नाव' अशा अर्थाचा होता. आपला शब्द अधिक खरा आहे. टोपण म्हणजे झाकण. ते बसलं की आतलं काही दिसत नाही.

ही झाकणं बसवण्याची ठिकाणं ठरलेली होती: पलटणीची बराक, जहाजाचा डेक आणि कालवे-रेल्वे खोदणाऱ्या मजुरांच्या टोळ्या. या टोळ्यांत आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. चारी मुलखांतली माणसं जिथे प्रथमच एका छताखाली झोपायला आली, तिथे हुकूम देणारा बहुतेक वेळा इंग्रज होता, आणि इंग्रज शिपाईही संख्येने सगळ्यांत जास्त. ब्रिटिश सैन्यात टोपणनावांची एक पद्धतच पडून गेली आहे. आडनाव मिलर असेल तर तो 'डस्टी', कारण गिरणीवाला पिठाने माखलेला असणारच. व्हाइट असेल तर 'चॉकी', म्हणजे खडूसारखा पांढरा. मर्फी असेल तर 'स्पड', म्हणजे बटाटा, कारण मर्फी आयरिश आणि आयरिश माणूस बटाटा खाणार. आता नीट पाहा. मिलरला आणि व्हाइटला नाव मिळालं ते आडनावाच्या अर्थावरून. मर्फीला मिळालं ते देशावरून. बहुसंख्येतला माणूस नाव-आडनावाने ओळखला जातो, अल्पसंख्येतला मुलखाने. कारण बराकीत मिलर दहा असतात, वेल्श एखादाच. दहा इंग्रजांत कुणाला 'इंग्रज' म्हणून हाक मारून काय उपयोग?

झाकणाखाली काय काय जातं, याची दोन उदाहरणं दुसऱ्या महायुद्धातली आहेत. ब्रेंडन फिनुकेन हा डब्लिनचा कॅथलिक मुलगा. त्याचे वडील १९१६ च्या ईस्टरच्या उठावात ब्रिटिशांविरुद्ध बंदूक घेऊन उतरले होते. मुलगा मात्र ब्रिटिश हवाई दलात गेला, स्पिटफायर विमानावर आयर्लंडचं तीन पानांचं शॅमरॉक रंगवून लढला, आणि १९४२ च्या जुलैत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इंग्लिश खाडीत पडून गेला. ब्लेअर मेन हा उत्तरेकडचा, काउंटी डाउनमधल्या न्यूटनार्ड्स गावचा प्रॉटेस्टंट; एसएएस या छापामार दलाच्या पहिल्या पिढीतला दांडगा अधिकारी. एकाच्या घरी ब्रिटिशांशी लढण्याचा वारसा, तर दुसऱ्याचा समाज ब्रिटनशी असलेलं नातं जिवापाड जपणारा. आयर्लंडच्या दृष्टीने पाहिलं तर ही दोन टोकं. बराकीत मात्र एक पॅडी फिनुकेन झाला आणि दुसरा पॅडी मेन. ज्या भेदापायी आयर्लंडमध्ये माणसं जिवावर उठली, तो भेद नाव ठेवणाऱ्याला दिसतच नव्हता.

याच काउंटी डाउनमध्ये, न्यूटनार्ड्सच्या जवळच्या कोंबर गावी, जेरेमी जॉन डरहॅम अॅशडाउन नावाचा एक मुलगा वाढला. त्याचा जन्म मात्र १९४१ सालचा, नवी दिल्लीतला. वडील हिंदुस्थानी सैन्यात अधिकारी. अकराव्या वर्षी त्याला इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या निवासी शाळेत घातलं. तोंड उघडताच उच्चार आयरिश, म्हणून पहिल्याच दिवसांत पोरांनी त्याला पॅडी करून टाकलं. पुढे उच्चार गेला, नाव राहिलं. मोठेपणी लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा नेता म्हणून तो अकरा वर्षं वावरला तो पॅडी अॅशडाउन म्हणूनच. जेरेमी म्हटलं असतं तर निम्म्या ब्रिटनला कोण ते कळलं नसतं. गंमत अशी की आयर्लंडमध्ये राहिला असता तर त्याला पॅडी कुणीच म्हटलं नसतं.

आता इंग्रजाला घराबाहेर पाठवून पाहू. तो बाहेर पडला, परक्या बंदरात अल्पसंख्य झाला, की त्यालाही लगेच नाव मिळतं. फ्रेंच त्याला त्याच्या जेवणावरून 'रोस्बिफ' म्हणतात, म्हणजे भाजलेलं गोमांस. ऑस्ट्रेलियात तो 'पॉमी' झाला. विलायतेहून नव्याने आलेल्या गोऱ्यांचे गाल उन्हाने डाळिंबासारखे लाल होत, म्हणून पॉमिग्रॅनेट आणि इमिग्रंट यांच्या यमकातून हा शब्द निघाला, असं कोशकार मानतात. (कैद्यांच्या सदऱ्यावरच्या आद्याक्षरांची एक गोष्ट सांगतात, ती निव्वळ थाप आहे.) अमेरिकेत तो 'लाइमी' झाला, आणि त्या शब्दामागची हकीकत सांगण्यासारखी आहे.

महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही होई: हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उघडत. जेम्स लिंड या आरमारी वैद्याने, हाही स्कॉटिशच, १७४७ साली एका जहाजावर बारा आजारी खलाशांचे सहा जोड केले आणि प्रत्येक जोडाला वेगळा उपाय दिला. ज्यांना संत्री आणि लिंबं मिळाली ते झपाट्याने बरे झाले. आरमाराने रोजचा लिंबूरस सक्तीचा करायला मात्र १७९५ उजाडलं. सुरुवातीला रस भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबांचा होता. पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, वेस्ट इंडीजमधल्या आपल्याच वसाहतींतलं छोटं हिरवं लिंबू स्वस्तात मिळतं म्हणून ते सुरू केलं. हे आपल्या कागदी लिंबाच्या जातीचं, चवीला आंबटढाण, पण रोगावर त्या मानाने कमजोर. अमेरिकन खलाशांना या रस पिणाऱ्यांचं भारी हसू येई. त्यांनी जहाजाला 'लाइम-जूसर' म्हटलं, मग जहाजावरच्या माणसांना, मग सगळ्या देशाला. साऱ्या समुद्रांवर हुकमत गाजवणाऱ्यांना लिंबूसरबतवाले हे नाव मिळालं ते असं.

याहून सरस उदाहरण आपल्या घरचं आहे. ब्रिटिश शिपायाला मायदेशासाठी लाडाचं नाव हवं झालं तेव्हा ते त्याच्या भाषेत नव्हतं. हिंदुस्थानातल्या छावण्यांत तो 'विलायती', 'बिलायती' हे शब्द ऐकत होता. त्यातून त्याने 'ब्लाइटी' केलं. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता. जीव न घेता घरी पाठवील अशा जखमेलाही 'ब्लाइटी' म्हणत, आणि अशी जखम व्हावी म्हणून लोक देवाची करुणा भाकत. विलायत हा शब्द मूळ अरबी, अर्थ मुलूख, अंमल. तो आपल्याकडे आला, आपण तो इंग्लंडला चिकटवला, आणि तो तिकडे जाऊन लाडका झाला.

आपण मात्र या कामी फार बारकाई दाखवली नाही. पेशवाई बुडाल्यावर आपल्यावर राज्य करायला आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटलंडचा. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साताऱ्याचा ग्रँट डफ स्कॉटलंडचा. मुंबईत कॉलेज काढणारे मिशनरी जॉन विल्सनही तिकडचेच. आपण सगळ्यांना इंग्रज म्हणून मोकळे झालो. त्याआधीची आपली संज्ञा तर 'टोपीकर'. त्यात डच, फ्रेंच, डेन सगळे बसत. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य या टोपीकरांपासून जपून राहायला सांगतात. त्यांतला कोण कुठल्या डोंगराचा, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. नाव ठेवणारा कुठलाही असो, लांबून पाहतो.

इंग्रजांमध्ये एका वर्गाला घरच्या घरी नाव मिळालं, तेही याच नियमाने. साधा शिपाई 'टॉमी' झाला. हिशेबवहीतला नमुना कसा भरायचा हे दाखवण्यासाठी युद्धखात्याने १८१५ च्या सुमारास 'थॉमस अॅटकिन्स' हे नाव छापलं होतं. तेच पुढे सगळ्या पायदळाचं नाव झालं. ते वरून आलं, कागदावरून आलं. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९० साली या टॉमीची तक्रार कवितेत मांडली, तेव्हा त्यातलं दुःख हेच होतं, की लढाई नसताना लोक त्याला हिडीसफिडीस करतात.

नाव ठेवणारा कधी कधी स्वतःच त्या नावात सापडतो. आयरिश भाषेत 'टोरी' म्हणजे पाठलाग होत असलेला, रानात लपलेला लुटारू. 'व्हिग' म्हणजे स्कॉटलंडचे बंडखोर प्रेस्बिटेरियन शेतकरी. १६८० च्या सुमारास राजाच्या कॅथलिक भावाला गादी मिळू द्यायची की नाही यावरून लंडनची पार्लमेंट फुटली, तेव्हा एका गटाने दुसऱ्याला आयरिश दरोडेखोर म्हटलं आणि दुसऱ्याने पहिल्याला स्कॉटिश पुंड. शेजाऱ्यांसाठी घडवलेल्या शिव्या घरातल्या भांडणात वापरल्या गेल्या आणि तिथेच राहिल्या. आज ब्रिटनचा हुजूर पक्ष स्वतःला टोरी म्हणवतो, तो शब्द आयर्लंडच्या दलदलीतून आलेला आहे.

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल, मग ही नावं शिव्या आहेत की लाड? शब्दात याचं उत्तर नाही. स्कॉटिश पलटणीतला अधिकारी आपल्या माणसांबद्दल 'माझे जॉक' असं अभिमानाने बोलतो, आणि सेल्टिक या फुटबॉल क्लबला १९६७ साली युरोपियन कप जिंकून देणारा जॉन स्टीन साऱ्या जगाला जॉक स्टीन म्हणूनच माहीत आहे. तोच शब्द लंडनच्या कचेरीत एखाद्या साहेबाने टाकला की कानाला खटकतो. पॅडीचं तर ऋतूप्रमाणे बदलत गेलं. १९७४ च्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीचे (आयआरए) बॉम्ब फुटले, २१ माणसं मेली. सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. सोळा वर्षांनी, १९९१ साली, ते निर्दोष ठरून बाहेर आले. त्या वर्षांत इंग्लंडमधल्या आयरिश माणसाने बसमध्ये तोंड उघडायचं टाळणं आणि कुणी 'काय पॅडी' म्हटलं तर मान खाली घालणं, यात नवल नव्हतं.

आणि काही वेळा माणसं नाव हिसकावून घेतात. लिव्हरपूलकरांना 'स्काउसर' म्हणत ते त्यांच्या खाण्यावरून: स्काउस म्हणजे मांस, बटाटे, कांदे आणि जहाजावरची कडक बिस्किटं एकत्र शिजवलेला खलाशांचा रस्सा. हँबर्गपासून नॉर्वेपर्यंतच्या बंदरांत याचे भाऊबंद मिळतात. मांस परवडत नसलं की नुसत्या भाज्यांचा रस्सा करत, त्याला 'आंधळा स्काउस' म्हणत. गरिबाच्या पातेल्यातलं हे नाव. आज त्याच शहरातले फुटबॉलवेडे 'आम्ही इंग्लिश नाही, स्काउस आहोत' असे फलक झळकावतात. १८५१ च्या गणतीत तिथल्या दर पाच रहिवाशांत एकाहून अधिक जण आयर्लंडमध्ये जन्मलेले होते, हे लक्षात घेतलं तर त्या फलकाचं नवल वाटत नाही.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं बंदर आहे. नेपोलियनच्या लढायांच्या दिवसांत एक फ्रेंच जहाज फुटलं आणि त्यावरचं एकटं माकड किनाऱ्याला लागलं. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी माकडाला हेर ठरवून फासावर लटकवलं, अशी दंतकथा. तेव्हापासून शेजारची गावं त्यांना 'माकड लटकवणारे' म्हणून चिडवतात. गावाच्या फुटबॉल क्लबने शेवटी माकडालाच आपलं शुभचिन्ह केलं. २००२ साली ते माकडाचं सोंग घालून मैदानावर नाचणारा स्टुअर्ट ड्रमंड महापौरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. शाळेतल्या मुलांना फुकट केळी देईन, असं त्याने जाहीर केलं आणि तो निवडून आला. लोकांनी ती थट्टा समजून सोडून दिली असती. पण त्याच माणसाला हार्टलपूलने पुढे आणखी दोनदा निवडून दिलं.

वेल्शांचं दुखणं याहून खोल आहे, कारण त्यांचं टोपणनाव टॅफी नव्हेच. त्यांचं खरं टोपणनाव 'वेल्श'. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ परका. समुद्रापलीकडून आलेल्या सॅक्सनांनी, जे तिथे आधीपासून राहत होते त्यांनाच परके म्हटलं, आणि ते नकाशावर छापलं गेलं. ते स्वतःला 'कमरी' म्हणतात, अर्थ साधारण 'आपली माणसं'. देशाच्या नावाचा उच्चारही 'कमरी'च. गेल्या काही वर्षांत तिथली राष्ट्रीय उद्यानं आपली वेल्श नावं पुढे करू लागली आहेत. ब्रेकन बीकन्सचं २०२३ साली बानाइ ब्रेखेनिओग झालं. उच्चार करताना लंडनकरांची तारांबळ उडते, आणि आता तरी ती त्यांची उडावी हे मला रास्तच वाटतं.

या साऱ्यात इंग्रज स्वतःला काय म्हणवतो? आयरिश, स्कॉट, वेल्श यांना बाहेरून नाव मिळालं, त्याच्याशी भांडता भांडता आपण कोण हे त्यांना पक्कं कळत गेलं. इंग्रजाशी असं कुणी भांडलं नाही. १९६६ साली इंग्लंडने वेम्बलीवर फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हा प्रेक्षकांच्या हातात युनियन जॅक होते. स्पर्धेचं शुभचिन्ह असलेल्या विली सिंहाच्या सदऱ्यावरही तोच. म्हणजे स्कॉटलंडचा तिरपा पांढरा क्रॉस इंग्लंडच्या विजयात फडकत होता आणि ते कुणाला खटकलं नाही. १९९६ च्या युरो स्पर्धेत त्याच मैदानावर इंग्लंडचा सामना स्कॉटलंडशी पडला तेव्हा पांढऱ्यावर लाल फुली असलेला सेंट जॉर्जचा झेंडा घेऊन लोक आले. तीस वर्षं लागली.

इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेने 'तुमची राष्ट्रीय ओळख कोणती' असं २०११ साली पहिल्यांदा विचारलं. ५७.७ टक्के लोकांनी फक्त 'इंग्लिश' म्हटलं, १९.१ टक्के लोकांनी फक्त 'ब्रिटिश'. दहा वर्षांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा 'इंग्लिश' म्हणणारे १४.९ टक्के उरले आणि 'ब्रिटिश' ५४.८ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत एवढी उलथापालथ कशाने व्हावी? जनगणनेच्या कार्यालयाने मोठं कारण म्हणून आपल्याच फॉर्मकडे बोट दाखवलं. २०११ साली इंग्लंडमध्ये वाटलेल्या फॉर्मवर पहिला चौकोन 'इंग्लिश' होता. २०२१ साली पहिला चौकोन 'ब्रिटिश' होता.